पाच खोल्या, एक पियानो आणि थकलेलं भाडं: हार्लेममधल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका भाड्याच्या घराचं आहे, काळ १९२० नंतरची पाच-सहा वर्षं. घर चालवणाऱ्या बाईंचं नाव, इमारतीचा नंबर वगैरे मी देत नाहीये, आणि एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे नंतर गैरसमज नको. यातला प्रत्येक तपशील एकाच घरात एकाच रात्री घडला असं माझं म्हणणं नाही, त्या घरांत जे वाजवायला आणि नाचायला जायचे त्यांनी पुढे जे सांगून-लिहून ठेवलं त्यातून हे एक घर उभं केलंय. पण अशी घरं तिथे खरंच होती, गल्लोगल्ली होती, आणि दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या मजल्यावर हेच चाललेलं असायचं.

मी यात का पडलो तर मी पियानो शिकतो, वय झाल्यावर सुरू केलाय, लहानपणी पेटी वाजवायचो आणि पेटीत डावा हात भात्यावर असतो हे तुम्हाला माहितीच आहे. त्यामुळे सुरुवातीच्या जॅझ पियानोतला तो डावा हात, ज्याला स्ट्राइड म्हणतात, तो माझ्याकडून काही केल्या होईना. हा हात असा उड्या का मारतो, एवढं काम एकट्या डाव्या हातावर कुणी आणि का टाकलं, हे शोधत शोधत मी शेवटी या बाईंच्या घरभाड्यापाशी येऊन पोचलो. माझं आता ठाम मत झालंय की तो हात समजून घ्यायचा असेल तर आधी ते भाडं समजून घ्यायला लागतं.

पार्श्वभूमी

हार्लेम मुळात काळ्या लोकांसाठी बांधलेलं नव्हतंच. १९०४ ला लेनॉक्स अव्हेन्यूखालून सबवे सुरू झाली, ती येणार येणार म्हणून बिल्डरांनी आधीच धडाधड इमारती उठवल्या, बऱ्यापैकी पैसेवाल्या गोऱ्या कुटुंबांसाठी, आणि मग एवढी घरं झाली की भाडेकरू मिळेनात. फिलिप पेटन नावाच्या काळ्या दलालाने मालकांना पटवलं की मी तुम्हाला भाडेकरू आणून देतो, आणि तिथून ते चित्र बदलत गेलं. नंतर पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला दक्षिणेकडून, म्हणजे कॅरोलायना, जॉर्जिया, व्हर्जिनिया इकडून लोकांचे लोंढे यायला लागले, कॅरिबियन बेटांवरूनही आले, आणि या सगळ्यांना शहरात दुसरीकडे कुणी घर देत नव्हतं. म्हणजे हार्लेमच, आणि हार्लेममध्ये जे मिळेल ते, मालक सांगेल त्या भाड्याने.

आकडा सांगतो. १९२०-३० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमधलं साधं गोरं कामगार कुटुंब महिन्याला खोलीमागे साधारण ६ डॉलर ६७ सेंट भाडं द्यायचं आणि हार्लेममधलं काळं कुटुंब साधारण साडेनऊ डॉलर. आणि पगार मात्र काळ्या माणसाचा कमी. हे वाचल्यावर मी थोडा वेळ काही वाचलंच नाही.

आपल्या बाई लोकांच्या घरी धुणं-इस्त्रीची कामं करायच्या, नवरा एका इमारतीत लिफ्ट चालवायचा. घर पाच खोल्यांचं, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या, म्हणजे शेवटच्या खोलीत जायचं तर सगळ्या खोल्यांमधून जावं लागणार. दोन खोल्यांत पोटभाडेकरू ठेवलेले. आणि पुढच्या खोलीत एक उभा पियानो.

पियानो कसा काय परवडला असं वाटेल. अमेरिकेत १९०९ या एका वर्षात साडेतीन लाखांहून जास्त पियानो बनले, हप्त्यावर मिळायचे, रेडिओ अजून घरोघरी आलेला नव्हता, त्यामुळे चार पाहुणे आले की वाजवायची वस्तू म्हणजे पियानोच. आपल्याकडे एके काळी घरात शिलाई मशीन असणं म्हणजे घर मार्गी लागलं असं समजायचे तसंच काहीसं. काही घरांत तर रोलवर चालणारा पियानो असायचा, छिद्रं पाडलेला कागदाचा रोल आत घालायचा, पायाने हवा मारायची आणि पट्ट्या आपोआप खाली जायच्या. हा रोलवाला पियानो लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

अडचण

महिना संपत आलाय आणि भाडं पुरं होत नाहीये. पाच खोल्यांचे साडेनऊने साडेसत्तेचाळीस डॉलर होतात. पोटभाडेकरूंपैकी एकाचं काम सुटलंय, तो देऊ शकत नाही, त्याला हाकलावं तर दुसरा लगेच मिळेल याची खात्री नाही. हिशेब समजावा म्हणून धरून चालू की खड्डा पंधरा डॉलरचा आहे. मालक थांबणारा नाही. भाडं नाही दिलं की सामान उचलून फूटपाथवर, हे त्या रस्त्यावर लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं, आणि फूटपाथवर पलंग, पातेली, गादी, त्यावर बसलेली पोरं, येणारे-जाणारे बघतायत, ही भीती कुठल्याही भाडेकरूला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कोणते पर्याय होते

वस्तू गहाण टाकायच्या, तर गहाण टाकण्यासारखं आधीच टाकून झालेलं. चर्चमधून किंवा ओळखीच्या मंडळाकडून उसने घ्यायचे, ते मागच्या वेळचेच फेडायचे राहिलेत. नंबर लावायचा, म्हणजे तीन आकड्यांचा जुगार, आपला मटका जवळपास तसाच, हार्लेममध्ये तेव्हा घराघरातून लावला जायचा, पण त्यावर भाड्याची भिस्त कोण ठेवणार.

कोर्टाचा एक रस्ता होता. १९२० ला न्यूयॉर्क राज्याने भाड्याचे आणीबाणीचे कायदे केले होते, अवाजवी भाडं लावलं तर भाडेकरूला कोर्टात दाद मागता यायची. कागदावर चांगली सोय, पण रोजंदारीवरच्या बाईने दिवसाची मजुरी बुडवून कोर्टात उभं राहायचं आणि नंतर त्याच मालकाच्या घरात राहायचं, हे किती जणींना जमलं असेल. मला वाटतं हा पर्याय अनेकांच्या डोक्यात येऊन गेला असेल आणि तिथेच राहिला असेल.

मग उरली पार्टी. दक्षिणेत चर्चसाठी पैसे जमवायला बायका जेवण करायच्या, मासे तळायच्या, ताट विकत घ्यायचं आणि पैसे चर्चला, ही पद्धत सगळ्यांना माहितीतली होती. तीच पद्धत शहरात घरी आली, चर्चच्या जागी घरमालक आणि प्रार्थनेच्या जागी पियानो. दारात पैसे घ्यायचे, बहुतेक वेळा २५ सेंट, आत जेवण आणि दारू विकायची, आणि सकाळपर्यंत नाच. शेजारचेच लोक येणार कारण त्यांची वेळ आली की आपण त्यांच्याकडे जाणार. भिशीत जसं आज तुझी पाळी उद्या माझी, तसाच हा सगळा मामला, फक्त यात नाचायला मिळायचं.

दुसरीकडे नाचायला जायचं तर सगळीच दारं उघडी नव्हती म्हणा. १९२३ पासून तिथेच कॉटन क्लब सुरू झाला, लेनॉक्स अव्हेन्यू आणि १४२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, स्टेजवर सगळे काळे कलाकार आणि प्रेक्षकांत फक्त गोऱ्यांना प्रवेश. म्हणजे ज्या वस्तीचं संगीत त्या वस्तीलाच दार बंद. अशा ठिकाणी पाव डॉलरमध्ये कुणाच्या तरी पुढच्या खोलीत शहरातला सगळ्यात भारी पियानो ऐकायला मिळणं ही काय गोष्ट असेल याचा विचार करा.

काय काय ठरवावं लागलं

पहिला प्रश्न वार कुठला. शनिवारी पगार झालेला असतो आणि रविवारी सुट्टी, त्यामुळे शनिवार सगळ्यात चांगला, पण म्हणूनच शनिवारी त्याच गल्लीत अजून चार पार्ट्या असणार. दुसरा वार गुरुवार, कारण लोकांच्या घरी राहून काम करणाऱ्या मोलकरणींना गुरुवारची रात्र मोकळी मिळायची, आणि त्यांच्याकडे खर्चायला हातात थोडे पैसे असायचे. बाईंनी शनिवार धरला. मला विचाराल तर हा निर्णय जोखमीचा होता.

दुसरं म्हणजे बोलावणं. छोटी कार्डं छापून घ्यायची, त्यावर यमक जुळवलेल्या दोन ओळी, तारीख, पत्ता, आणि पार्टीला पार्टी म्हणायचं नाही, व्हिस्टचा डाव आहे किंवा संध्याकाळचा सोशल कार्यक्रम आहे असं छापायचं, व्हिस्ट म्हणजे पत्त्यांचा खेळ. कार्डं मग ओळखीत वाटायची, इमारतींच्या लिफ्टच्या जाळीत खोचून ठेवायची. कवी लँगस्टन ह्यूज या कार्डांचे एवढे शौकीन की त्यांनी ती जमवून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती बघायला तरी मिळतात, नाहीतर सोमवारी सकाळी कचऱ्यात गेलेला कागद कोण सांभाळतो.

दारूबंदी १९२० पासून चालू होती, त्यामुळे विकायची ती चोरटी जिन आणि मक्याची दारू. धाडीची भीती होतीच, पण १९२३ ला न्यूयॉर्क राज्याने आपला स्वतःचा दारूबंदीचा अंमलबजावणी कायदाच मागे घेतला, केंद्राचा कायदा राहिला तरी स्थानिक पोलीस पहिल्यासारखे मागे लागायचे नाहीत. तरी दारात ओळखीचा धडधाकट माणूस उभा करावाच लागायचा, पैसे गोळा करायला आणि भांडकुदळ पाहुणे परत पाठवायला.

जेवणात डुकराचे पाय, आतडी, तळलेले मासे, बटाट्याचं सॅलड, भात-चवळी, मक्याचा पाव. स्वस्तातला माल, पण शिजवायला वेळ आणि हात लागतो आणि तो हात बाईंच्याकडे होता. खरा नफा या ताटांत आणि ग्लासांत. नुसत्या दारातल्या पैशांवर बघा, पंधरा डॉलर जमवायला पंचवीस सेंटवाली साठ माणसं लागतात, आणि त्यातूनच कार्डवाल्याचे, सामानाचे आणि पियानोवाल्याचे द्यायचे, म्हणजे साठ नाही, नव्वद-शंभर माणसं पाहिजेत. आणि शंभर माणसं खरंच यायची, विली "द लायन" स्मिथ, जे स्वतः अशा घरांत वर्षानुवर्षं वाजवत होते, त्यांनी लिहून ठेवलंय की सात खोल्यांच्या अशा आगगाडी-घरात शंभरावर माणसं कोंबलेली असायची.

मग घर रिकामं करायचं. पलंग, कपाट, टेबल शेजाऱ्यांकडे, गालिचा गुंडाळून वरच्या मजल्यावर, चाळीत लग्नाच्या आदल्या दिवशी जे चालतं तेच. बसायला घडीच्या खुर्च्या आणायच्या त्या अंत्यविधीचं काम करणाऱ्याच्या दुकानातून भाड्याने, कारण एवढ्या खुर्च्या दुसऱ्या कुणाकडे असणार. साधे बल्ब काढून लाल-निळे लावायचे. सगळं सामान हललं, एक पियानो सोडून. तो कुठे हलवणार.

पियानोवाला कोण

माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच. जेवण सगळ्यांकडे तेच, दारू तीच, बल्ब तेच. शनिवारी पाच ठिकाणी पार्टी असेल तर माणूस जिन्यात उभा राहून ऐकणार आणि जिथला पियानो खेचून नेईल तिथे पाव डॉलर देणार.

बँड आणायचा तर पाच-सहा जणांचे पैसे, आणि ते बसणार कुठे, त्यांनी अडवलेल्या जागेत वीस माणसं नाचतात. ओळखीतला कुणीतरी बरा वाजवणारा फुकटात किंवा जेवणावर मिळेल, पण तो दोन तासांत दमणार किंवा त्याचे तुकडे संपणार. रोलवाला पियानो लावून ठेवता येतो, पण त्याला नाचणाऱ्यांचे पाय दिसत नाहीत. चौथा पर्याय म्हणजे नाव असलेला टिकलर, त्या लोकांना टिकलरच म्हणायचे, पट्ट्यांना गुदगुल्या करणारा. जेम्स पी. जॉन्सन, विली द लायन, लकी रॉबर्ट्स, आणि नंतर त्यांच्यामागून आलेला फॅट्स वॉलर. अशांची कामं जमवून देणारा एक माणूसही होता, लिपी या नावाने सगळे ओळखायचे, तो एकाच रात्री त्यांना या घरातून त्या घरात पाठवायचा.

बाईंनी थोडे जास्त पैसे मोजून नाववाला टिकलर ठरवला आणि तो दुसरीकडचं उरकून उशिरा येणार म्हणून तोपर्यंत एका शिकाऊ पोराला बसवायचं ठरवलं. या शिकाऊ पोराची जागा फार महत्त्वाची आहे. त्याला कुणी ऐकायला आलेलं नसतं, चुकलं तरी चालतं, आणि रात्री एकच्या पुढे तो त्याच खोलीत उस्तादाच्या खांद्यामागे दोन हात अंतरावर उभा असतो. दुसरी शाळा कुठली होती त्यांना.

त्या रात्री काय झालं

जेम्स पी. जॉन्सन यांनी म्हातारपणी टिकलर लोकांच्या येण्याचं वर्णन सांगून ठेवलंय ते वाचताना मला थेट आपले जुने गवई आठवले, शाल, अत्तर, तंबोरा जुळवताना एकदा सभेवर नजर. टिकलर खोलीत यायचा तो भारी ओव्हरकोट घालून. कोट काढायचा, अस्तर लोकांना दिसेल असा घडी घालून पियानोवर ठेवायचा. हॅट मात्र डोक्यावरून काढायची ती सावकाश. मग रेशमी रुमालाने स्टूल झटकायचं. मग बसायचं आणि बसल्यावर लगेच वाजवायचं नाही, एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर, दाबायची, पायाने पेडल धरून ती घुमत ठेवायची, आणि तेवढ्यात ओळखीच्यांशी गप्पा मारायच्या, जणू काही झालंच नाही. प्रत्येकाची अशी स्वतःची एक कॉर्ड ठरलेली असायची, डोळे मिटून ऐकणाऱ्याला कळायचं कोण आलंय.

आणि मग डावा हात सुरू.

आता इथे मी जरा रेंगाळणार आहे. चार ठोक्यांचा ठेका धरा. पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला डावा हात पियानोच्या अगदी खालच्या टोकाला जाऊन खर्जातला सूर घेतो, नुसता एक सूर किंवा सप्तक किंवा दहाव्या सुरापर्यंत पसरलेला पंजा. दुसऱ्या आणि चौथ्याला तोच हात उडी मारून मधल्या भागात येतो आणि पूर्ण कॉर्ड मारतो. खाली, मध्ये, खाली, मध्ये, आणि हे सगळं जोरकस लयीत, न बघता, पहाटेपर्यंत. डग्ग्याचा घुमारा आणि पेटीचा भरणा दोन्ही एकाच डाव्या हाताने देण्यासारखं आहे हे. उजवा हात वर मोकळा, तो गाणं म्हणतो, मध्येच ट्रम्पेटसारखा ओरडतो, तिहेरी-चौपट नक्षी काढतो. रॅगटाइममध्ये, म्हणजे जॅझच्या आधीच्या पियानो-संगीतात, डावा हात याच धाटणीचा होता, पण तिथे सगळं लिहिलेलं आणि नेटकं, इथे हात लांबवर जातो, लय झुलती होते, कुठे खर्ज मुद्दाम ठोका बदलून येतो आणि नाचणाऱ्यांचे पाय क्षणभर लटकतात.

खोलीत ड्रम नाही, बास नाही, माइक नाही, शंभर माणसं बोलतायत-हसतायत-नाचतायत आणि पियानो एक. या खोलीत नाच उभा ठेवायचा तर डाव्या हाताने बास आणि ड्रम दोन्ही व्हायलाच पाहिजे. पंधरा डॉलरच्या खड्ड्यात सहा जणांचा बँड बसत नाही, म्हणून एक हात बँडचं काम करायला लागला. सगळी कथा एवढ्यात संपत नाही, हेही खरं. जॉन्सन स्वतः सांगायचे की न्यूयॉर्कच्या लोकांना हॉटेलं-कॅफेंमधून चांगला युरोपीय पद्धतीचा पियानो ऐकायची सवय होती, त्यामुळे तिथे भरलेल्या, पसरलेल्या कॉर्ड वाजवल्याशिवाय निभाव लागायचा नाही, आणि त्यांनी स्वतः एका इटालियन मास्तरांकडे रीतसर तालीम घेतली होती. ते अंधारात सराव करायचे, पट्ट्यांवर चादर टाकून अवघड तुकडे वाजवायचे, हाताला जागा न बघता कळावी म्हणून. पण ती तालीम तासन् तास नाचासाठी वापरायला या खोल्यांनीच लावली.

नाच कुठले हेही बघायला पाहिजे. जॉन्सन १९१३ च्या आसपास मॅनहॅटनमध्ये ६२ व्या रस्त्यावरच्या जंगल्स कसिनो नावाच्या जागी वाजवायचे, कागदोपत्री ती नाचाची शाळा होती, आणि तिथे येणारे बरेचसे साउथ कॅरोलायनाच्या चार्ल्स्टन बाजूचे, गोदीत काम करणारे. त्यांचे गावाकडचे नाच, गोल धरून पाय घासत, टाळ्या देत, एक जण हाळी देतो बाकीचे उत्तर देतात असे. उजव्या हाताची वरची ओळ हाळी देते आणि खालच्या कॉर्ड उत्तर देतात, हे जॉन्सन यांच्या वाजवण्यात जे ऐकू येतं ते त्या लोकांच्या पायांतून आलेलं आहे.

त्या रात्री दोनच्या सुमाराला दुसरा एक टिकलर वाट वाकडी करून आत आला. म्हणजे आता सामना. एक जण उठतो, दुसरा बसतो, तोच तुकडा अजून अवघड स्वरात घेतो, अजून जलद. यात बाईंचा फायदाच, बातमी जिन्यांतून पसरते आणि बाजूच्या पार्टीतले लोक इकडे वळतात. पहाटे लोक दमले की मग संथ चाल, दोघं दोघं एका जागेवर डुलतायत, लाल बल्ब. हे कधी वाजवायचं आणि कधी नाही हे पियानोवाल्याच्या हातात होतं. आधीच संथ केलं तर लोक खाणं-पिणं सोडून कोपऱ्यात उभे राहणार, फारच जोरात ठेवलं तर खालच्या मजल्यावरचा छताला झाडू मारत वर येणार. खालच्या माणसाला बाईंनी आधीच फुकट बोलावून ठेवलेलं, हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय.

शिकागोत हाच प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने सुटला, ते थोडक्यात सांगतो. तिथल्या साउथ साइडच्या भाडे-पार्ट्यांत डावा हात उड्या मारत नाही, एकाच जागी आठ ठोक्यांचा एक घुमता नमुना धरून बसतो, तेच बूगी-वूगी. जिमी यान्सी तिथले, दिवसा बेसबॉलच्या मैदानाची देखभाल करायचे आणि रात्री घरांत वाजवायचे. मीड लक्स लुईस आणि अल्बर्ट अमन्स टॅक्सी चालवायचे. एकच गरज, दोन शहरं, दोन डावे हात.

निकाल

भाडं भरलं गेलं. बाईंचं सामान फूटपाथवर गेलं नाही. रविवारी दुपारपर्यंत पलंग परत आला, खुर्च्या परत गेल्या, फरशीला चिकटलेलं सगळं घासून काढलं, आणि पुढच्या महिन्याची एक तारीख तिथेच होती. खोलीमागे साडेनऊ डॉलर तसेच.

शिकाऊ पोरांचं काय झालं तर त्यातला एक फॅट्स वॉलर. १९०४ चा जन्म, १९२० ला आई वारली, तेव्हा तो एका पियानो वाजवणाऱ्या मित्राच्या घरी राहायला गेला, त्या घरात रोलवाला पियानो होता, रोल लावून पट्ट्या खाली जाताना तो बोटं त्यावर ठेवून शिकायचा. तिथून त्याला जेम्स पी. जॉन्सन यांच्याकडे नेलं आणि त्यांनी त्याला शिकवलं, तो रात्री उशिरापर्यंत त्यांच्या घरी वाजवत बसायचा, शेवटी जॉन्सन यांच्या बायकोला त्याला घरी जा म्हणून सांगावं लागायचं. तिकडे वॉशिंग्टनमध्ये ड्यूक एलिंग्टननेही, जो पुढे जॅझमधलं मोठं नाव झाला, जॉन्सन यांचा कॅरोलायना शाउट हा तुकडा रोलवरून, रोल हळू फिरवून, असाच बोटं ठेवून बसवला आणि पुढे त्यांच्यासमोरच वाजवून दाखवला. तो तुकडा १९२१ ला रेकॉर्ड झाला आणि नंतर कितीतरी वर्षं नवा टिकलर पारखायचा तर हाच वाजवायला लावायचे.

आणि ही लाट आपल्याकडेही पोचली. शिकागोचा टेडी वेदरफर्ड, याच पिढीतला जबरदस्त डावा हात असलेला पियानोवादक, चीनमार्गे फिरत फिरत १९३०-४० च्या दशकात मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. गोव्याची मंडळी त्या काळात अशा बँडांत बसून जॅझ शिकली. तो १९४५ ला कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला.

वेगळं काय करता आलं असतं

बाईंच्या बाजूने बघितलं तर मी गुरुवार घेतला असता. शनिवारी गल्लीत स्पर्धा एवढी की सगळी भिस्त एका पियानोवाल्याच्या वेळेवर येण्यावर, आणि तो तर तीन घरं करत येणार. दुसरं, पियानो आधी लावून घ्यायला पाहिजे होता. दोन पट्ट्या अडकणाऱ्या, सुर उतरलेल्या पियानोवर भलाभला टिकलरसुद्धा हात राखून वाजवतो, आणि सुर लावणाऱ्याचे पैसे पाच-सहा ताटांत निघाले असते.

मोठा प्रश्न भाड्याचा. पार्टीने मालकाला त्याचे पैसे वेळेवर मिळत राहिले, हे बोलायला कडू आहे पण खरं आहे. भाडेकरूंनी एकत्र येऊन भाडंच खाली आणायचं, त्यासाठी हार्लेममध्ये कन्सॉलिडेटेड टेनंट्स लीग उभी राहिली ती १९३४ ला. ज्या लोकांनी एकमेकांची भाडी पाव-पाव डॉलरने भरली त्यांच्यात एकजूट नव्हती असं कोण म्हणेल, जिना तोच, माणसं तीच, फक्त तो पैसा आणि ती रात्र मालकासमोर उभं राहायला दहा वर्षं आधी वापरता आली असती तर. पण महिन्याची तारीख चार दिवसांवर असताना माणूस चार दिवसांपुरताच विचार करतो, मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

आणि पियानोवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते. रेकॉर्डच्या एका बाजूवर तेव्हा साधारण तीन मिनिटं मावायची. घरात तोच तुकडा नाचणारे थांबेपर्यंत चालायचा, प्रत्येक फेरीला नवा उजवा हात, डाव्या हाताच्या खोड्या, समोरच्याला उत्तर. ते सगळं कुणी धरून ठेवलं नाही, धरून ठेवायची सोयही नव्हती. म्हणून आज आपण १९२१ ची ती रेकॉर्ड ऐकतो तेव्हा घाईत सांगितलेली गोष्ट ऐकतो. मी ती अर्ध्या वेगाने लावून ऐकतो, एलिंग्टनने रोल हळू केला तसं, आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या मिनिटाला ती संपते तेव्हा वाटतं की खोलीत आत्ता कुठे लोक जमायला लागले होते.

परवा पट्ट्यांवर चादर टाकून बघितली. माझा हात आठव्या सुरापर्यंतच पोचतो, दहावा लागत नाही, मग खालचा सूर आधी आणि वरचा मागून असा मोडून घेतला, लहान हातवाल्यांची हीच युक्ती आहे. बारा मात्रा जमलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली, म्हणाल्या काय हो, फर्निचर सरकवताय का.